थिएटर परत आणायचं, पण कोणत्या सालातलं?

पेटचा निकाल लागला की दरवर्षी चार-पाच जणांचे मेसेज येतात. विषय सुचत नाही, गाईड म्हणतात लोकल काहीतरी घे, लोकल म्हणजे नेमकं काय घेऊ, असे. या वेळी आर्वीच्या एका मुलीने विचारलं, ‘जुन्या टाकीजवर पीएचडी होते का?’ होते. मी तीच करून राहिलो आहे. तिला उत्तर द्यायला बसलो आणि ते इतकं लांबत गेलं की सरळ पोस्टच लिहावी म्हटलं. संशोधनाच्या तयारीत असलेल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आधी माझी फजिती सांगतो. माझी पहिली सिनॉप्सिस होती ‘महाराष्ट्रातील ऐतिहासिक चित्रपटगृहे : स्थापत्य आणि जतन’. मोठं भारदस्त नाव. आत 14 इमारतींची यादी. त्यातल्या 11 मुंबईच्या, 2 पुण्याच्या, 1 कोल्हापूरची. आरआरसीमध्ये एका मॅडमनी यादीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘तुम्ही पुलगावचे ना? मग यात विदर्भ कुठे आहे?’ मी म्हणालो, ‘मॅडम, आपल्याकडे तशा इमारती नाहीत.’ त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘तशा म्हणजे कशा?’

सिनॉप्सिस परत आली. ‘तशा म्हणजे कशा’ या प्रश्नावर मी पुढचं दीड वर्ष घालवलं. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो. सुरुवात मुंबईपासून करावी लागेल, कारण चूक तिथेच झाली होती.

ऑपेरा हाउसची गोष्ट

मुंबईत चर्नी रोड स्टेशनजवळ रॉयल ऑपेरा हाउस आहे. मुंबईकर त्या सगळ्या भागालाच ‘ऑपेरा हाउस’ म्हणतात. भारतात आज उभं असलेलं हे एकमेव ऑपेरा हाउस. 1908 च्या सुमारास कल्पना निघाली ती मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका या दोघांची. बँडमन हा कलकत्त्याहून कारभार चालवणारा नाटक कंपन्यांचा व्यावसायिक. कराका कोळशाच्या दलालीच्या धंद्यातले मोठे पारशी गृहस्थ. 1911 मध्ये पंचम जॉर्ज भारतात आले तेव्हा बांधकाम पूर्ण झालेलं नव्हतं, तरी त्यांच्या हस्ते उद्घाटन उरकून घेतलं. काम खऱ्या अर्थाने पुरं झालं 1912 मध्ये. बरोक थाटाची सजावट, घुमटाकार छत, बाजूला खासगी बॉक्स, वर झुंबरं. युरोपातल्या नाट्यगृहांचा सगळा डौल गिरगावाच्या तोंडावर येऊन बसला.

पुढे काय झालं? ऑपेराच्या नावाने बांधलेल्या या घरात ऑपेराला पुरेसा प्रेक्षक कधीच नव्हता. मराठी आणि हिंदी रंगभूमी इथे नांदली. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, पृथ्वीराज कपूर ही नावं या रंगमंचाशी जोडलेली आहेत. नाटकांच्या जोडीने चित्रपट दाखवले जाऊ लागले. 1930 च्या दशकात ही वास्तू ‘आयडियल पिक्चर्स’कडे गेली आणि आतून सिनेमासाठी बदलली गेली. तिथून पुढे जवळजवळ सहा दशकं हे प्रामुख्याने सिनेमा थिएटर होतं. 1952 मध्ये गोंडलच्या राजघराण्याने ते विकत घेतलं. व्हिडिओ आणि केबल आले, प्रेक्षक आटला आणि 1993 मध्ये थिएटर बंद पडलं.

बंद इमारतीचं मुंबईच्या पावसात काय होतं ते वेगळं सांगायला नको. 2012 मध्ये जगभरातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंच्या ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच’ यादीत तिचं नाव आलं. दुरुस्ती त्याआधीच सुरू झाली होती. जतन-वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या हाताखाली काही वर्षं काम चाललं आणि ऑक्टोबर 2016 मध्ये ऑपेरा हाउस पुन्हा उघडलं. 2017 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाला ‘अवॉर्ड ऑफ मेरिट’ मिळालं.

काम सुंदर झालंय. आत गेल्यावर मान आपोआप वर जाते. माझा प्रश्न कामाच्या दर्जाचा नाही.

प्रश्न असा आहे की इमारत ‘पूर्ववत’ करायची म्हणजे कोणत्या सालासारखी करायची? ऑपेरा हाउसच्या बाबतीत उत्तर निघालं 1912. बरोक रूप परत आणायचं, नंतरच्या बदलांनी झाकलेलं बाहेर काढायचं. ते समजण्यासारखं आहे. वास्तूचं वेगळेपण त्यातच होतं, देशात दुसरं ऑपेरा हाउस नाही. पण हिशोब मांडून बघा. 1912 ते 1993 म्हणजे 81 वर्षं. त्यातली सुरुवातीची वीस-बावीस वर्षं नाटक आणि सिनेमा मिळून, आणि उरलेली साठेक वर्षं सिनेमा. म्हणजे इमारतीने सगळ्यात जास्त काळ जे काम केलं, सगळ्यात जास्त माणसं ज्यासाठी तिच्या दारातून आत गेली, नेमका तोच थर दुरुस्तीत ‘नंतरचा बदल’ ठरला.

इथे मला पहिल्यांदा खडबडून जाग आली. मी इतके दिवस ‘जतन’ हा शब्द असा वापरत होतो जणू इमारतीचं एकच खरं रूप असतं आणि बाकीची सगळी धूळ. जतनाचं काम करणारे लोक स्वतः असं मानत नाहीत, हे त्यांच्याशी बोलल्यावर कळलं. ते भिंतीवरचा रंग एकेक थर खरवडून बघतात, कोणता थर कधीचा ते ठरवतात, आणि मग कुठे थांबायचं हा निर्णय घेतात. तो निर्णय असतो, शोध नसतो. आणि निर्णयामागे कारणं असतात : जुने फोटो कोणत्या काळातले मिळाले, पैसा कोण देतंय, पुढे इमारत कशासाठी वापरायची आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचं ते इथेच. हे साल कोणी निवडलं? दुसरं साल निवडलं असतं तर काय दिसलं असतं?

एकेका राजवाड्याचं एकेक उत्तर

हा प्रश्न हातात आल्यावर माझ्या यादीतल्या बाकीच्या इमारती एकदम वेगळ्या दिसायला लागल्या.

मेट्रो घ्या. 1938 मध्ये धोबी तलावाला एमजीएम या अमेरिकन कंपनीने स्वतःचे चित्रपट दाखवायला स्वतःचं थिएटर बांधलं. आराखडा न्यूयॉर्कच्या थॉमस लँबचा. हा माणूस अमेरिकेत डझनांनी ‘मूव्ही पॅलेस’ बांधून बसलेला होता. तिकडे 1920 च्या दशकात स्टुडिओंची स्वतःची थिएटरं असायची आणि तिकिटाच्या पैशात प्रेक्षकाला दोन तास राजवाड्यात बसल्याचा अनुभव विकला जायचा. गालिचे, आरसे, मोठा जिना, गणवेशातले द्वारपाल हे सगळं त्या मालाचाच भाग. मेट्रो ही त्या साखळीची मुंबईची कडी. पण आतली भित्तिचित्रं मात्र जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी चार्ल्स जेरार्ड यांच्या मार्गदर्शनाखाली केली. 2006 मध्ये मेट्रोचं मल्टिप्लेक्स झालं. मोठं सभागृह गेलं, त्याचे तुकडे होऊन सहा पडदे झाले. झुंबरं आणि जिना ठेवला. इथलं उत्तर वेगळं आहे : लॉबी 1938 ची, बाकी आजचं.

इरॉस तसंच, थोडं वेगळं. चर्चगेटसमोरची ती लाल आग्रा दगड आणि क्रीम रंगाची, जहाजासारखी दिसणारी इमारत. 1938 मध्ये उघडली, वास्तुरचनाकार शोराबजी भेदवार. एका पडद्यासमोर सुमारे 1200 खुर्च्या. 2018 मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत गेला, त्यात इरॉस आहे आणि 1933 चं रीगलही. पण यादीत नाव आल्याने थिएटर चालत नसतं. इरॉस त्याआधीच बंद होतं आणि पुढेही काही वर्षं तसंच राहिलं. शेवटी 2024 च्या फेब्रुवारीत ते उघडलं ते आयमॅक्स म्हणून. बाहेरून दुरुस्त केलेलं जुनं रूप, आत 300 च्या आसपास खुर्च्या. 1200 च्या 300. मला यात रडण्यासारखं काही वाटत नाही, कारण 1200 खुर्च्या भरायला आज कोणता पिक्चर आणणार? पण 1200 अनोळखी लोक एकाच वेळी एकाच ठिकाणी हसतात, हा अनुभव कुठल्याच जतनात परत येत नाही. तो कुठेतरी नोंदवून ठेवायचा असेल तर ते काम आपलं.

लिबर्टीबद्दल मी जरा पक्षपाती आहे. मरीन लाइन्सला 1949 मध्ये ‘अंदाज’ने उघडलेलं हे थिएटर. मालक हबीब हुसेन यांचं म्हणणं होतं की मुंबईतले सगळे देखणे पडदे इंग्रजी पिक्चरला, आणि हिंदीच्या वाट्याला साधी थिएटरं, हे का म्हणून? नाव ‘लिबर्टी’ ठेवण्यामागे नुकतंच मिळालेलं स्वातंत्र्य होतं. म्हणजे ही इमारत एक दावा आहे, हिंदी सिनेमा पाहणाऱ्यालाही राजवाडा हवा हा. ‘हम आपके हैं कौन’ तिथे शंभराहून जास्त आठवडे चालला.

लिबर्टीची आतली सजावट वामन नामजोशींची. हे नाव लिहून ठेवा. हाच मराठी माणूस जयपूरच्या राजमंदिरामागेही आहे, ते 1976 मध्ये उघडलं. प्लास्टरच्या लाटा, लपवलेले दिवे, मेरिंग्यूसारख्या फुगीर भिंती, सगळी त्याचीच कल्पना. चित्रपटांच्या इतिहासात दिग्दर्शक, नट, संगीतकार सगळ्यांवर पुस्तकं आहेत. प्रेक्षकाला मान वर करायला लावणाऱ्या या माणसावर मराठीत नीट पुस्तक माझ्या तरी पाहण्यात नाही. कोणाला विषय हवा असेल तर घ्या, माझी काही हरकत नाही.

पुण्यात उत्तर आणखी वेगळं मिळालं. 1934 मध्ये अप्पा बळवंत चौकाजवळ सरदार किबे यांच्या मालकीचं ‘किबे लक्ष्मी थिएटर’ उभं राहिलं. प्रभात फिल्म कंपनीच्या मंडळींनी ते चालवायला घेतलं आणि ते ‘प्रभात’ झालं. ऐंशी वर्षं पुणेकरांसाठी ते प्रभातच होतं, मराठी पिक्चर म्हणजे प्रभात. 2014 च्या शेवटी करार संपला, वास्तू मालकांकडे परत गेली आणि तिचं जुनं नाव परत आलं. आता सांगा, हे जतन झालं की पुसणं? मूळ नाव परत आलं हे कागदोपत्री खरं आहे. आणि ऐंशी वर्षांचं नाव गेलं हेही तितकंच खरं. पुण्यातलंच पहिलं कायमचं सिनेमागृह ‘आर्यन’, मंडईजवळ 1915 मध्ये सुरू झालेलं, 1983 मध्ये पाडलं गेलं. तिथे तर नाव परत आणायलाही काही उरलं नाही.

कोल्हापूरची 1 इमारत यादीत होती ती म्हणजे शाहू महाराजांनी बांधलेलं ‘पॅलेस थिएटर’, आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. नाटकाचं घर, पण नावातच पॅलेस, म्हणून मी घेतलं होतं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत सापडलं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशीचे फोटो बघताना मला एकच गोष्ट सुचत होती, आणि ती सांगायला थोडी लाज वाटते : याची मोजमापं कोणी घेऊन ठेवली असतील का? इमारत जळाल्यावर ती पुन्हा तशीच उभी करायची तर कागदावरची इमारत आधी हवी. आपण ज्या कामाला कंटाळवाणं म्हणतो, खिडकीची उंची, तुळईची जाडी, खुर्च्यांची रांग, तेच अशा वेळी उपयोगी पडतं.

बँडमनकडे परत

आता ऑपेरा हाउसच्या त्या पहिल्या माणसाकडे परत येऊ, कारण मला पुलगावला परत आणलं ते त्याने.

मॉरिस बँडमनवर क्रिस्टोफर बाल्मी या अभ्यासकाचं पुस्तक आहे. ते वाचेपर्यंत माझ्या डोक्यात बँडमन म्हणजे ‘ऑपेरा हाउस बांधणारा’ एवढंच होतं. प्रत्यक्षात तो इमारती बांधणारा कमी आणि मार्ग बांधणारा जास्त होता. त्याच्या नाटक कंपन्या जिब्राल्टरपासून जपानपर्यंत फिरायच्या. जहाज, बंदर, आगगाडी, पुढचं बंदर. 1922 मध्ये तो वारलाही जिब्राल्टरलाच. ऑपेरा हाउस हे त्या लांबलचक फेरीतलं एक स्टेशन होतं. त्याचा डौल समजून घ्यायचा तर ती फेरी समजून घ्यावी लागते.

हे वाचताना मी वर्ध्याहून पुलगावला पॅसेंजरमधून चाललो होतो आणि एकदम लक्षात आलं की सिनेमाचंही तसंच आहे, आणि ती फेरी तर माझ्या घरावरून जाते.

ज्यांना पुलगाव माहीत नाही त्यांच्यासाठी : वर्धा नदीवरच्या रेल्वेच्या पुलावरून नाव पडलेलं हे गाव. भुसावळ-नागपूर मार्गावर. इथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून कापडाची गिरणी होती, लष्कराचं दारूगोळ्याचं मोठं भांडार आहे, आणि इथून आर्वीला 1917 पासून नॅरोगेजची छोटी गाडी जायची. नदीच्या अलीकडे जुना मध्य प्रांत, पलीकडे वऱ्हाड.

चित्रपटाच्या धंद्यात देशाचे विभाग पाडलेले आहेत, त्यांना ‘सर्किट’ म्हणतात. विदर्भाच्या सर्किटचं नाव आजही ‘सीपी बेरार’. सीपी अँड बेरार हा प्रांत 1950 मध्ये नावापुरताही उरला नाही. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. सरकारने तीनदा नकाशा बदलला, धंद्याने बदलला नाही. ट्रेडच्या आकडेवारीत तुम्हाला अजून सीपी बेरार दिसेल. आणि या मध्य भारताच्या वितरक-प्रदर्शकांच्या संघटनेचं, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं, मुख्य ठिकाण भुसावळ! भुसावळला कोणता स्टुडिओ आहे? कोणता नट तिथे राहतो? काही नाही, जंक्शन आहे. पिक्चर डब्यांतून यायचा आणि डबे रेल्वेतून यायचे, म्हणून जिथे गाड्या बदलतात तिथे धंदा बसला.

1000 फुटांचं एक रीळ साधारण 11 मिनिटं चालतं. तीन तासांचा हिंदी पिक्चर म्हणजे सोळा-सतरा रिळं. जुन्या सेन्सॉर सर्टिफिकेटवर रिळांची संख्या लिहिलेली असायची, ती पडद्यावर दिसली की पब्लिक आधीच लांबीचा अंदाज घ्यायची. हे सगळे पत्र्याचे डबे पेटीत घालून पार्सलने यायचे. प्रिंट कमी, गावं जास्त, त्यामुळे एकच प्रिंट आधी मोठ्या शहरात, मग जिल्ह्याच्या ठिकाणी, मग तालुक्याला. छोट्या गावात पोचेपर्यंत तिच्यावर ओरखडे, मधली गाणी तुटून जोडलेली. पुलगावकराने पाहिलेला पिक्चर आणि लिबर्टीत पाहिलेला पिक्चर एकच होता का? नावाने एकच. त्यामुळे ‘प्रेक्षक’ असा एकच शब्द वापरून चालत नाही.

वितरक डब्यांबरोबर कधी आपला माणूस पाठवायचा, त्याला ‘रिप्रेझेंटेटिव्ह’ म्हणत. तो तिकिटं मोजायचा, रोजच्या गल्ल्याचा तक्ता भरून पाठवायचा. त्या तक्त्याला धंद्यात ‘डीसीआर’ म्हणतात. विचार करा, एका गावात एका दिवशी किती लोकांनी कोणता खेळ कोणत्या वर्गात बसून पाहिला याची रोजची लेखी नोंद! समाजशास्त्राच्या कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा बारीक. यातलं बहुतेक रद्दीत गेलं असणार. पण वितरकाच्या जुन्या ऑफिसात, एखाद्या मालकाच्या माळ्यावर, गठ्ठे असू शकतात. ‘तशा इमारती नाहीत’ म्हणणारा मी, असे कागद आहेत का हे विचारायलाच गेलो नव्हतो.

कागद कुठे शोधायचे

हा भाग तयारी करणाऱ्यांनी नीट वाचा, माझे सहा महिने यात गेले.

1918 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यापासून थिएटरला परवाना लागतो. प्रेसिडेन्सी शहरांत तो पोलीस कमिशनर देई, बाकी ठिकाणी जिल्हा मॅजिस्ट्रेट. म्हणून मुंबईच्या थिएटरचा माग पोलिसांच्या कागदांत आणि पुलगावच्या थिएटरचा माग वर्ध्याच्या जिल्हा कचेरीच्या कागदांत. हा फरक एकदा कळला की अर्धी वणवण वाचते. परवान्याच्या फाइलीत नकाशा असतो, कारण तेव्हाची फिल्म नायट्रेटची, पेट्रोलसारखी पेट घेणारी. ऑपरेटरची खोली वेगळी आणि आग न लागणारी हवी, बाहेर पडायला किती दारं, हे सगळं तपासलं जाई. म्हणजे ज्या थिएटरला कोणी आर्किटेक्ट नव्हता, त्याचाही एक आराखडा सरकारदरबारी जमा झालेला असू शकतो.

मग कर. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा 1923 चा. आपल्याकडे मध्य प्रांतात तो 1936 चा. दोन वेगळे कायदे, दोन वेगळे तक्ते. मुंबईवरचं संशोधन वाचून त्याच पद्धतीने वर्ध्याचे आकडे शोधायला गेलात तर काही सापडत नाही, कारण तुम्ही चुकीच्या नावाने विचारून राहिलेले असता. करमणूक कर 2017 मध्ये जीएसटीत गेला तोपर्यंत या नोंदी होत होत्या.

आणि विदर्भाची खास कटकट : 1956 मध्ये राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तेव्हा प्रांताची कागदपत्रंही वाटली गेली. काही नागपूरला, काही भोपाळला, नंतरची मुंबईला. पुलगावच्या एखाद्या टाकीजच्या चाळीस वर्षांच्या कारभारासाठी तीन शहरं करावी लागू शकतात. प्रवासखर्चाचा अंदाज सिनॉप्सिसमध्येच मांडा. मी मांडला नव्हता.

छापील साधनांत 1927-28 च्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीचे साक्षींचे खंड आहेत. अध्यक्ष रंगाचारियार, साडेतीनशेच्या आसपास साक्षीदार. थिएटरमालक, शिक्षक, अधिकारी सगळे बोललेत. कोण पुढे बसतं, कोण मागे, बायका येतात का, असं काय काय त्यात आहे. सरकारी इंग्रजी रुक्ष वाटतं पण माणसं जिवंत आहेत. जोडीला वृत्तपत्रांतल्या जाहिराती. ‘हितवाद’ आणि ‘तरुण भारत’च्या जुन्या फायलींत थिएटरांच्या जाहिराती बघताना फक्त पिक्चरचं नाव लिहून घेऊ नका. खेळाची वेळ, तिकिटाचे दर, ‘फक्त स्त्रियांसाठी’ खेळ आहे का, कितवा आठवडा, हे लिहा. पुलगावसाठी माझा एक अंदाज आहे की खेळांच्या वेळा गिरणीच्या पाळ्यांना धरून असणार आणि आठवड्याचा मोठा दिवस बाजाराचा किंवा पगाराचा. अजून तो अंदाजच आहे. तपासायला साधन मिळालं म्हणून मी त्याला प्रबंधात एक प्रकरण दिलंय, चुकीचा निघाला तर प्रकरण तेच राहील, निष्कर्ष बदलेल.

मग जतनाचं काय?

कोणी म्हणेल, तुझ्या गावात राजवाडा नाही, मग पत्र्याच्या टाकीजचं जतन ते काय करायचं? खरं सांगू का, इमारतीचं जतन बहुतेक ठिकाणी होणार नाही. मुंबईला 1995 पासून वारसा इमारतींचे नियम आहेत, युनेस्कोची यादी आहे, गोंडलसारखा मालक आहे. तालुक्याच्या गावात यातलं काय आहे? उलट धंद्याची गणितं त्यांच्या विरोधात गेली. 2001 मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना सुरुवातीच्या वर्षांत करमणूक करात सूट दिली, एक पडदावाल्यांना कर भरून त्यांच्याशी स्पर्धा करावी लागली. मग डिजिटल आलं. 2005 नंतर उपग्रहावरून थेट गावातल्या पडद्यावर पिक्चर पोचू लागला. त्याने छोट्या थिएटरला नवा पिक्चर पहिल्याच शुक्रवारी मिळाला हे खरं, पण डबे, पार्सल, जंक्शन, रिप्रेझेंटेटिव्ह ही सगळी फेरीच संपली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 1929 चं लोज किंग्ज थिएटर 1977 पासून बंद पडून होतं, ते 2015 मध्ये कोट्यवधी डॉलर घालून पुन्हा उघडलं. इमारत परत आली. ज्या फेरीसाठी ती बांधली होती ती तिकडेही परत आलेली नाही, आता तिथे गाण्यांचे कार्यक्रम होतात.

माझी नवी सिनॉप्सिस मंजूर झाली ती ‘सीपी बेरार सर्किट : रेल्वे, वितरण आणि तालुक्याचं चित्रपटगृह’ या नावाने. यादीत आता मुंबईची फक्त 2 थिएटरं आहेत, ऑपेरा हाउस आणि लिबर्टी, तीही तुलनेसाठी. त्याच मॅडम होत्या. या वेळी त्यांनी यादी पाहिली नाही, थेट विचारलं, ‘डबे कोणत्या गाडीने यायचे?’ मला उत्तर आलं नाही. पण प्रश्न आवडला, आणि बहुतेक त्यांनाही माझं गप्प बसणं या वेळी आवडलं असावं.

आर्वीच्या त्या मुलीला मी शेवटी एवढंच कळवलं : इमारतीचा फोटो नंतर काढ. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, पिक्चर कोणत्या वारी बदलायचा, डब्याची पेटी स्टेशनवरून कशावर घालून आणायचे, आणि ‘पेटी आली नाही’ म्हणून खेळ कधी रद्द झाला होता का. आर्वीची असशील तर हेही विचार की पेटी पुलगावहून त्या छोट्या गाडीने यायची की एसटीच्या टपावरून. आणि जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहून घे, पुण्याच्या भाषेत दुरुस्त करू नको. तिचं उत्तर आलं, ‘आजी म्हणते पेटीचं काही आठवत नाही, पण टाकीजमधला पंखा आठवतो.’ पंखा कोणत्या रांगेवर होता ते विचार, म्हटलं.